नदाफमास्तर आणि तुटलेली वेल

समाधानी माणूस दिसला की मला त्याचा राग येतो. हे मी लपवत नाही. माझी बायको म्हणते, तुम्हाला स्वस्थ बसलेला माणूस बघवत नाही. खरं आहे ते. मला स्वतःला एका जागी दहा मिनिटं बसवत नाही. चहा वाफाळता असतानाच पिऊन मी उठतो, सिग्नलला गाडी उभी असली तरी माझा पाय हलत असतो. असल्या माणसाला नोकरीत शेजारी कोण मिळावं, तर दस्तगीर नदाफ.

सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या एका चादरींच्या कारखान्यात आम्ही दोघं डिझाइनखोलीत होतो. मी मोहोळचा, डिप्लोमा केलेला, कागदावर नक्षी काढणारा. मास्तर माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी मोठे, त्या नक्षीची कार्डं पाडणारे. कार्डं म्हणजे काय ते सांगायला हवं. चादरीवर मोर किंवा कमळ उमटतं ते आधी चौकटीच्या कागदावर असतं. त्या कागदातल्या एकेका ओळीसाठी पुठ्ठ्याची एकेक लांबट पट्टी घ्यायची आणि तिला हिशेबानं भोकं पाडायची. अशी शेकडो कार्डं ओवून त्यांची माळ मागावर चढवली, की भोक असेल तिथला धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. एक कार्ड म्हणजे कापडातला एक आडवा धागा. ही भोकं पाडण्यात मास्तरांची तीसेक वर्षं गेली होती.

उंच, काटकुळा माणूस. दाढीला मेंदी, आणि ती मेंदी वेळेवर लागली पाहिजे याबद्दल भलतेच चोखंदळ. चष्म्याची एक काडी मोडलेली, तिथं मागावरचाच सुती दोरा बांधून तो कानामागे अडकवलेला. मुलीनं नवा चष्मा आणून दिला होता, तो ईदला घालायचे. दुपारच्या डब्यात कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि एक कांदा. भाकरी मोडल्याचा आवाज मागांच्या धडधडाटातही मला ऐकू यायचा, आणि माझं कशातच लक्ष लागत नसल्यामुळे त्याचाही मला त्रास व्हायचा.

त्यांच्या दोन सवयी आमच्या कारखान्यात सगळ्यांना माहीत होत्या. एक म्हणजे ते कागदावरची ओळ उजवीकडून डावीकडे वाचायचे. बाकी सगळे डावीकडून उजवीकडे, मास्तर उलटे. मी पहिल्याच आठवड्यात विचारलं, तर म्हणाले, "उर्दूचं अलिफ-बे आदी शिकलो, ग म भ न मागनं. हाताला तीच सवय लागली बघ."

"म्हणजे तुमची कमळं उलटी उमलतात, मास्तर."

"उमलत्यात न्हवं? मग झालं की."

दुसरी सवय अशी, की हातातलं कार्ड पुरं झाल्याशिवाय हा माणूस उठायचा नाही. मालकांनी बोलावलं, फोन आला, बाहेर कुणाचा हात मागात सापडल्याची बोंब झाली, तरी आधी कार्ड पुरं. अजान झाली की मी त्यांच्याकडे बघत बसायचो. हात घाईला यायचा नाही. शेवटचं भोक पाडायचे, कार्ड खिडकीच्या उजेडात धरून आरपार बघायचे, खिळ्याला अडकवायचे, मग नळावर हातपाय धुऊन वजू करायला जायचे. कपाटामागे त्यांची जानमाज घडी घालून ठेवलेली असे. ती पश्चिमेकडे अंथरून दहा मिनिटं नमाज, की परत खुर्चीवर. तेवढ्या वेळात मी तीनदा मोबाइल बघितलेला असायचा.

आणि त्यांचं ते "शुकर", म्हणजे अल्लाचे आभार. चहात साखर जास्त झाली, शुकर. लाइट गेली, शुकर. पगार उशिरा झाला तरी शुकरच. मला वाटायचं हे सोंग आहे. इतकं सगळं कुणाला चालत नसतं. कधीतरी हा माणूस तडकेल आणि आपण समोर असू, अशी मी मनोमन वाट बघत होतो. हे लिहायला बरं वाटत नाही, पण वाट बघत होतो हे खरं.

एकदा छतावरची पाण्याची टाकी भरून वाहिली आणि पाणी भिंतीतून आमच्या खोलीत उतरलं. सकाळी येऊन बघतो तर दोन महिन्यांची कार्डं भिजून लगदा. एका मोठ्या चादरीचा पूर्ण मोर गेला होता. मी स्टुलाला लाथ मारली, वॉचमनला शिव्या घातल्या, मालकांच्या नावानं चरफडलो. मास्तरांनी एकेक कार्ड उचलून बघितलं. एकही वाचलं नव्हतं. त्यांचा चेहरा काळवंडला, जबडा आवळला गेला. मी मनात म्हटलं, आता. पण ते बाहेर गेले. नेहमीपेक्षा जास्त वेळानं आले, भाकरी मोडून खाल्ली आणि कोरं कार्ड घेऊन मोराच्या पायापासून सुरुवात केली.

मला राहवेना. "मास्तर, तुम्हाला राग येतच नाही का?"

"येतो की. म्या काय पीर हाय व्हय? आत्ताच आल्ता, लई आल्ता."

"मग गेला कुठं?"

"जातोय कुटं? मीच ठिवून आलो." त्यांनी कपाटामागच्या जानमाजीकडे बोट केलं. "हे बघ माने, वझं समद्यांनाच हाय. मला दिसातनं पाच येळा ते खाली ठिवायला सांगितलंय. परत उचलावं लागतंय, ते काय चुकत न्हाय. पर मदल्या येळंत पाट सरळ व्हती. तू सकाळी उचाललेलं झोपस्तवर डोस्क्यावर घिऊन हिंडतोस. मग मान दुकती अन् स्टुलाला लाता घालतोस."

मी काहीतरी फटकळ बोललो. ते हसले आणि पुढचं भोक पाडलं.

रमजान त्या वर्षी भर उन्हाळ्यात आला होता. सोलापूरचा उन्हाळा म्हणजे पत्र्याखालच्या त्या खोलीत पंख्याचीही हवा भाजायची. मास्तरांचे ओठ दुपारनंतर फुटायचे. मी चहा प्यायला लपून बाहेर जातो हे त्यांच्या लक्षात आलं, तर दुसऱ्या दिवशी चहावाल्याला त्यांनी स्वतःच हाक मारून माझा कप टेबलावर ठेवायला लावला. "तू उपाशी ऱ्हाऊन मला काय सवाब, पुण्य मिळणार हाय का? पी गुमान."

"पण मास्तर, ह्यात मिळतं काय तुम्हाला?"

"सांजच्याला पाण्याचा पयला घोट पिऊन बघ एकदा माझ्यासंगं. तवा कळंल पाणी काय असतंय. तू दिसभर पितोस, तुला चवच न्हाय."

एके दिवशी मी खरंच पाणीही न पिता संध्याकाळपर्यंत राहिलो. कुणाला सांगितलं नव्हतं. इफ्तारच्या वेळी त्यांनी खजूर हातावर ठेवला, मी पाणी प्यायलो, आणि काही क्षण माझा पाय हलायचा थांबला. मास्तरांनी ते पाहिलं की नाही ठाऊक नाही.

त्यांची बायको गेली तेव्हा मला वाटलं आता तरी "शुकर" बंद होईल. चाची बरीच वर्षं दम्यानं आजारी होत्या. मयतीला मी गेलो होतो. चौथ्या दिवशी मास्तर कामावर आले. हात नेहमीसारखा चालत नव्हता. एका कार्डाला तास लागला. मी समोर बसून होतो. शेवटी तेच म्हणाले, "अमानत व्हती ती, अल्लाची ठेव. त्येनं मागितली, दिली. तक्रार न्हाय." मग थोड्या वेळानं, चष्मा काढून पुसत, "पर घरात शिरलो की हात रिकामा वाटतोय. खोटं कशाला बोलू?"

"खोटं कशाला बोलू" हे त्यांचं दुसरं पालुपद. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हे सोंग नसावं. सोंग करणारा माणूस रिकामा हात दाखवत नाही.

आता जे सांगायचं ते सांगतो. एवढी पानं मी त्याच्याभोवतीच फिरतो आहे.

पुढच्या वर्षी रमजानच्या तोंडावर आमच्याकडे जानमाजींची मोठी ऑर्डर आली. नक्षी मी काढली होती: मधे कमान, कमानीत कंदील आणि उजव्या काठानं खालून वरपर्यंत चढत जाणारी एक वेल. डावा काठ मोकळा. मास्तरांना ती वेल फार आवडली. म्हणाले, "ह्यी चांगली काढलीस. हिला घाई न्हाय." कार्डं पाडायला त्यांनी तीन आठवडे घेतले. मालक रोज येऊन विचारायचे, मागवाला दारात उभा राहायचा, आणि माझा जीव वरखाली व्हायचा.

तो शुक्रवार होता. कमानीच्या टोकाजवळची शेवटची पंधरा कार्डं उरलेली. पंचिंग मशीनची सुई मधेच अडकली, ती काढण्यात वेळ गेला, आणि जुम्म्याच्या नमाजची वेळ झाली तेव्हा मास्तरांच्या हातात कार्ड अर्धं होतं. ते उठेनात. मीच म्हणालो, "जा हो मास्तर, जुमा चुकेल. कार्ड कुठं पळून जात नाही." त्यांनी घड्याळ पाहिलं, कार्ड पाहिलं. मी त्यांना ओळखत होतो त्या सगळ्या काळात पहिल्यांदा ते अर्धं कार्ड ठेवून उठले. दारातून वळून म्हणाले, "हात लावू नगं, मी येतो."

दहा मिनिटं मी त्या कार्डाकडे बघत बसलो. मागवाला दोनदा डोकावून गेला. मला बसवेना. शेवटी मी त्यांच्या खुर्चीवर बसलो, ते अर्धं कार्ड बाजूला टाकलं आणि पंधराच्या पंधरा कार्डं भराभर पाडून टाकली. डावीकडून उजवीकडे. त्यांची सगळी कार्डं उजवीकडून पाडलेली, ज्या सवयीवरून मी त्यांना रोज चिडवायचो ती सवय, आणि नेमकं त्याच वेळी ते माझ्या डोक्यात आलं नाही. कार्डाचं पहिलं टोक त्यांच्यासाठी उजवा काठ होतं, माझ्यासाठी डावा. कमान दोन्हीकडून सारखी, कंदील सारखा, त्यांना काही झालं नाही. वेल मात्र त्या पंधरा ओळींत उजव्या काठावरून उडून डाव्या काठावर गेली.

मास्तर परत आले तेव्हा मागवाला कार्डं ओवायला घेत होता. "केलंस?" एवढंच म्हणाले. कार्डं उजेडात धरून बघायला त्यांनी हात पुढे केला, पण मागवाला माळ घेऊन निघालासुद्धा. काम कुणाचं ते कळावं म्हणून रिवाजाप्रमाणे माळेच्या शेवटच्या कार्डावर त्यानं खडूनं मास्तरांची खूण करून टाकली होती. नमुना विणून बघायला हवा होता, घाईत तोही कुणी काढला नाही.

सोमवारी सकाळी मालक एक जानमाज खांद्यावर टाकून आमच्या खोलीत आले आणि ती टेबलावर आपटली. शनिवार-रविवार माग चालू होते. ढीगच्या ढीग विणून झाले होते आणि प्रत्येकीत, कपाळ टेकतं त्या जागेजवळ, उजवीकडची वेल तुटलेली आणि तिचा बोटभर तुकडा पलीकडच्या मोकळ्या काठावर. मालक ओरडत होते. मास्तरांनी चष्म्याचा दोरा सरळ केला, वाकून वेलीवरून बोट फिरवलं. जिथं तुटली तिथं बोट थांबलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच.

"माझ्या टेबलावरचं कार्ड हाय, मालक," ते म्हणाले. "चूक माझी."

"मास्तर, तुमची नजर गेली आता," मालक म्हणाले. "बस करा."

मी तिथंच, दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. तोंड उघडायला फार तर एक वाक्य लागलं असतं. बायकोला सातवा महिना होता, नवीन कॉम्प्युटरवरचं काम मला मिळायचं होतं, ही कारणं नंतर मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितली. त्या वेळी मनात यातलं काहीच नव्हतं. भीती होती, बस. मी गप्प राहिलो. मास्तरांनी त्या दिवशी हातातलं कार्ड पुरं केलं, खिळ्याला अडकवलं, कपाटामागची जानमाज काढून बगलेत घेतली आणि गेले.

नदाफ लोकांचं जुनं काम कापूस पिंजायचं आणि गाद्या भरायचं. मास्तर त्या कामाला परतले. शुक्रवार पेठेत, मी भाड्यानं राहतो तिथून दोन बोळं सोडून, एका गाळ्याच्या पुढ्यात ते गाद्या शिवायला बसू लागले. मी ते बोळ टाळून लांबच्या रस्त्यानं जायचो. पण सोलापूर एवढं मोठं नाही. त्या तुटक्या वेलीच्या जानमाजी मालकांनी पडेल भावात काढल्या होत्या. त्या शहरभर पसरल्या. कुणाच्या गॅलरीत वाळत घातलेली, कुणाच्या रिक्षात मागच्या बाजूला घडी करून ठेवलेली, दुकानाच्या शटरबाहेर टांगलेली. मी काढलेली वेल मला लांबूनही ओळखू यायची.

मुलगी झाल्यावर बायकोनं मला न विचारता मास्तरांकडून नवी गादी भरून घेतली. "किती प्रेमानं चौकशी केली तुमची," म्हणाली. "म्हणाले, मानेला झोप लागत न्हाय ना, त्याला कापूस जरा ज्यादा भरतो." गादी खरंच उत्तम होती. बायको-मुलगी तिच्यावर घोरत पडायच्या आणि मी कूस बदलत राहायचो. कापूस कितीही जास्त असला तरी टाक्याच्या गाठी पाठीला लागतात असं वाटायचं.

एकदा पैसे द्यायच्या निमित्तानं मला गाळ्यावर जावंच लागलं. मास्तर आत नमाज पढत होते. मी बाहेर उभा राहिलो आणि पाहिलं, त्यांच्या गुडघ्यांखाली तीच जानमाज होती. तुटलेल्या वेलीची. ते वाकले, कपाळ टेकलं ते वेल तुटली होती तिच्या शेजारी. दिवसातून पाच वेळा हा माणूस माझ्या चुकीवर डोकं ठेवत होता. मी पैसे कापसाच्या गासडीवर ठेवून निघून आलो. सांगायचं ठरवून गेलो होतो की नाही, ते आज आठवत नाही.

अशी चार-पाच वर्षं गेली. मग ह्या वर्षी कळलं की हजच्या सोडतीत मास्तरांचं नाव निघालं. मुलगी आणि जावई विजापूरला असतात, त्यांच्याबरोबर जाणार होते. निघायच्या आदल्या रविवारी सकाळी दारात कडी वाजली. उघडतो तर मास्तर. दाढीला ताजी मेंदी, डोळ्यांवर ईदचा चष्मा.

आत आले, बायकोला "पोरी, पाणी दे" म्हणाले, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. मग खिशातून एक जुनं कार्ड काढलं, आमच्या खोलीतलं, न पाडलेलं. त्यावर उजवीकडून डावीकडे उर्दूत नावं लिहिलेली आणि शेवटचं सोडून प्रत्येक नावाखाली एक भोक.

"हजला जायच्या आदी माणसाची माफी मागायची असती," ते म्हणाले. "अल्लाचं काय ऱ्हायलं आसंल ते अल्ला बघंल. माणसाचं माणसानंच माफ कराय लागतंय, ते त्यो आपल्याकडं घेत न्हाय. लई लोकं झाली. शेजारी, भाऊबंद, मालकबी झाले. ह्ये शेवटचं डावीकडचं नाव तुझं. तुझंच अवघड व्हतं म्हून मागं ठिवलं."

"मास्तर, माझी माफी तुम्ही कशाला—"

"आइक आदी." त्यांनी हात वर केला. "अर्द कार्ड सोडून मी उठलो, ती चूक माझी. तेच मालकाला बोललो, त्यात काय खोटं न्हाय. तुझ्यावर उपकार न्हाय केले. पर तू गप बसलास, त्येचा मला राग आला. लई. चार वर्सं मनात धरला. समदं ठिवता आलं रं मला, चाची गेली त्ये ठिवता आलं, काम गेलं त्ये ठिवता आलं. ह्यो एक राग ठिवता येईना. जिथं ठिवायचा तितंच ती वेल. सजद्यात गेलो, कपाळ टेकलं की तू दिसायचास. अल्लाम्होरं उभा ऱ्हायलो अन् मनात माने."

"दुसरी जानमाज घ्यायची होती," मी कसंबसं म्हणालो.

"घ्येतली असती की. पर मग ह्यी घडी घालून कपाटात ठिवल्यागत झालं असतं. राग तसाच, निस्ता झाकलेला." त्यांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला, तीन घोटांत संपवला. "लोकं म्हनायची मास्तर लई समाधानी. मनात तुझा राग, अन् त्ये नाव म्या फुकटचं मिरवलं. चार वर्सं तुला मनात बोललो, त्येची माफी दे."

मी हात जोडले. "मास्तर, माफी मी मागायची..."

"ती तू येगळी माग. आदी माझं पुरं कर."

स्वयंपाकघराच्या दारात बायको उभी होती. तिला यातलं काहीही माहीत नव्हतं. मी म्हणालो, "माफ केलं, मास्तर." त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून गादी शिवायचं दाभण काढलं, कार्ड मांडीवर धरलं आणि माझ्या नावाखाली भोक पाडलं. कार्ड खिडकीकडे धरून आरपार पाहिलं.

"आता तुझं बोल."

मी बोललो. सगळं, पहिल्यापासून. हात लावू नको म्हणाला होतात तरी लावला. सोमवारी तोंड उघडलं नाही. घाबरलो. बोलताना मी रडत होतो आणि मला त्याची लाज वाटली नाही.

मास्तर ऐकत राहिले. मग म्हणाले, "माफ."

"कधीच केलं होतंत ना तुम्ही?" मी विचारलं. मला तसं ऐकायचं होतं.

"न्हाय. आत्ता केलं. खोटं कशाला बोलू?" आणि हसले. कितीतरी वर्षांनी ते हसू मी बघत होतो.

निघताना चपला घालत होते तेव्हा मी विचारलं, "मालकांना सांगू का?"

"त्ये तुझं कार्ड," ते म्हणाले. "मला कशाला इचारतोस?"

बायको त्या दिवशी माझ्याशी फारसं बोलली नाही. सोमवारी मी डिझाइनखोलीत न जाता थेट मालकांकडे गेलो आणि सांगितलं. त्यांनी हातातला कागद खाली ठेवला. "आता कशाला सांगतोस?" एवढंच विचारलं. नोकरी राहिली. पण माझी प्रत्येक नक्षी मागावर जायच्या आधी आता दुसरा माणूस तपासतो. तो माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आहे. ते बोचतं. बोचू दे.

बुधवारी मास्तरांची बस मुंबईला निघाली. बोळाच्या तोंडाशी ही गर्दी. हार, दुआ, "हाजिर आहे" म्हणणारा लब्बैकचा घोष. पोचवायला टेंभुर्णीपर्यंत जाणाऱ्यांच्या दोन जीपगाड्या बसच्या मागे उभ्या. मास्तर खिडकीजवळच्या सीटवर होते, हारांनी गळा भरलेला. मांडीवर जानमाजीची घडी, तुटकी वेल वरच्या बाजूला. मला जवळ जाता येईना. मी ओरडलो, "मास्तर, सांगितलं मालकांना!" त्यांनी कानाशी हात नेला, मान हलवली. ऐकू गेलं नव्हतं.

मग मी डावा पंजा कार्डासारखा समोर धरला आणि उजव्या हाताच्या बोटानं त्यात एक भोक पाडल्यासारखं केलं. मास्तर बघत राहिले. मग त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला, आणि कार्ड उजेडात धरून बघावं तसा माझा तो पंजा वर करायची खूण केली. मी हात वर केला, उन्हात. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि मान डोलावली. ओठ हलले ते "शुकर" म्हणाले असावेत.

हजहून आल्यावर ते परस्पर विजापूरला मुलीकडे गेले, तिथंच राहतात. फोनवर बोलतो आम्ही. पण पाहिलं ते तेव्हाच शेवटचं. बस वळून दिसेनाशी झाली तरी मी हात तसाच वर धरून उभा होतो, आणि माझा पाय हलत नव्हता.